उदास इंडी गाण्यांचा अर्थ लावताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

उदास इंडी गाणी (इंडी म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर, स्वतंत्रपणे केलेलं संगीत) ऐकणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यातली बहुतेक एकाच गाठीपाशी येऊन थांबतात : ओळी कळतात, पण गाणं नक्की कशाबद्दल आहे ते कळत नाही, आणि आपण लावलेला अर्थ गाण्यातला की आपल्या मनातला, याचा उलगडा होत नाही. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. समजावणं सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच ध्रुवपद वापरलं आहे. ते कुठल्याही गाण्यातलं नाही, या सदरापुरतं रचलेलं आहे.

तुझा कप अजून खिडकीत आहे
मी रोज त्यात पाणी घालतो
काहीच उगवत नाही

गाण्यात हे ध्रुवपद तीनदा येतं असं धरा. तिसऱ्या वेळी फक्त एक शब्द बदलतो. 'तुझा कप'च्या जागी 'हा कप' येतो.

प्रश्न : एक गाणं कित्येक महिने ऐकते आहे. सुटी ओळ कळते, पण सगळ्या ओळी मिळून काय सांगतात ते हाती लागत नाही. सुरुवात कुठून करावी?

अर्थापासून करू नका. आधी गाणं कागदावर उतरवा, तेही स्वतःच्या हाताने. क्रम असा ठेवा. पहिल्यांदा गाणं नुसतं ऐका, पडद्यावर शब्द उघडू नका. दुसऱ्यांदा ऐकताना मिनिट-सेकंदांची नोंद करा : आवाज कुठे उंचावला, कुठे कुजबुजीवर आला, कुठलं वाद्य कुठे थांबलं. तिसऱ्यांदा थांबत थांबत ऐकू येतील तसे शब्द लिहा. जिथे कळणार नाही तिथे रिकामी जागा सोडा, अंदाजाने भरू नका. त्यानंतरच छापील शब्दांशी ताडून पाहा. तुम्ही ऐकलेलं आणि छापलेलं यात जिथे फरक पडतो त्या जागा खोडून टाकू नका. तुमचं मन गाण्यात काय शोधत होतं, ते त्या जागा सांगतात.

आता पेन्सिल घ्या. सर्वनामांना गोल करा : मी, तू, आपण, ते. क्रियापदांखाली रेघ ओढा आणि समासात काळ लिहा. हाताने धरता येतील किंवा डोळ्यांना दिसतील अशा वस्तूंभोवती चौकट काढा. परत परत येणाऱ्या ओळी एकाखाली एक मांडून शब्दाशी शब्द ताडा. इतकं झालं की वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, दोन वाक्यांत लिहा. कोण, कुणाला, केव्हा, कुठे, काय करतंय? 'विरह', 'एकटेपण', 'आशा' हे शब्द या दोन वाक्यांत येता कामा नयेत.

आपल्या ध्रुवपदाचा वाच्यार्थ असा निघतो : कुणीतरी एक माणूस समोर नसलेल्या माणसाच्या कपात रोज पाणी घालतो. कप खिडकीत आहे आणि त्यातून काही उगवत नाही. हे लिहिलं की अडखळायची जागा आपोआप दिसते. उगवतं ते कुंडीत, कपात नाही. बोलणारा माणूस कपाला कुंडीसारखं वागवतो आहे.

संस्कृत काव्यशास्त्रात यासाठी एक जुनं उदाहरण आहे : 'गंगेवर गवळ्यांची वस्ती'. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून मुख्य अर्थाला बाध येतो आणि आपण 'काठावर' असा लक्ष्यार्थ घेतो. मग सरळ 'काठावर' असंच का म्हटलं नाही? कारण 'गंगेवर' म्हटल्याने तिथला गारवा आणि पावित्र्यही सुचतं, ती व्यंजना. नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्याचा प्राण या सुचवण्यात, ध्वनीत आहे असं मांडलं. आजच्या गाण्यालाही हीच वाट चालते. मुख्यार्थ जिथे अडतो तिथे थांबा. तिथेच खणायचं, सगळीकडे नाही.

इथे बहुतेकांची एक चूक होते. ते प्रतीकांचा कोश उघडून बसतात. खिडकी म्हणजे आशा, पाणी म्हणजे अश्रू, हिवाळा म्हणजे मृत्यू. असं केलं की सगळी उदास गाणी एकसारखी दिसू लागतात. त्यापेक्षा अदलाबदल करून पाहा. खिडकीच्या जागी फडताळ ठेवा : 'तुझा कप अजून फडताळात आहे'. काय गेलं? उजेड गेला. रोप उजेडासाठी खिडकीत ठेवतात, म्हणून खिडकीमुळेच त्या माणसाचं पाणी घालणं सुसंगत वाटतं. त्याचा उद्योग वेडगळ आहे, पण निगराणी अगदी रीतसर आहे. गाण्यातलं दुःख इथे आहे, आणि ते 'खिडकी म्हणजे आशा' या समीकरणातून कधीच हाती लागलं नसतं. वस्तू बदलूनही ओळीचं काहीच बिघडत नसेल, तर तुम्ही तिच्यावर लादलेला अर्थ तुमचा आहे, गाण्याचा नाही.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो, आम्हा दोघांच्या आवडीचं गाणं ब्रेकअपवर आहे. मला ते मृत्यूवर आहे असं वाटतं. कोण बरोबर, हे ठरवता येतं का?

पुष्कळदा येतं. कधीकधी न ठरणं हेच गाण्याने ठरवलेलं असतं. ते ओळखण्यासाठी दोघांनी एक कागद घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर दोन रकाने करा. आपल्या अर्थाला पोषक ओळी शोधू नका, त्या नेहमी सापडतात. आपल्या अर्थाला अडवणाऱ्या ओळी शोधा. जो अर्थ एकही ओळ बाजूला न सारता उभा राहतो, बदललेल्या शब्दांचं कारण सांगतो आणि चालीशी भांडत नाही, तो टिकाऊ.

कपाच्या ध्रुवपदावर हे करून पाहू. 'अजून' हा शब्द दोन्हीकडे चालतो. 'रोज' दोन्हीकडे चालतो. 'काहीच उगवत नाही' म्हणणाऱ्याला काहीतरी उगवेल अशी अपेक्षा होती. ब्रेकअपमध्ये ती अपेक्षा शक्यतेच्या कक्षेत आहे, मृत्यूत नाही. पण शोकात बुडालेला माणूस अशक्य गोष्टीची वाट पाहतो, हेही खरंच आहे. म्हणजे इथवर बरोबरी. खरी कसोटी शेवटच्या फेरीत लागते. 'तुझा' जाऊन 'हा' येतो. ब्रेकअप धरलं तर ही सुटका आहे : कप आता नुसता कप झाला. मृत्यू धरला तर हाच बदल भीतिदायक होतो, कारण गेलेल्या माणसाची वस्तूवरची मालकी पुसली जाते आहे आणि बोलणाऱ्याला ते कळलेलंही नाही. एकच शब्द एकीकडे बरं होणं सांगतो, दुसरीकडे विसरणं. अशा वेळी चालीकडे जा. शेवटच्या फेरीत वाद्यं वाढत असतील आणि स्वर मोकळा होत असेल, तर तुमच्या मित्राचं पारडं जड. वाद्यं एकेक करून गळत असतील, तर तुमचं.

या प्रकारच्या गीतलेखनाची एक खूण लक्षात ठेवा : वस्तू नेमकी असते, घटना धूसर. कप, खिडकी, पाणी अगदी स्पष्ट. माणूस का नाही, ते कुठेच नाही. हा आळस नव्हे. कारण सांगितलं की गाणं एका प्रसंगाचं होतं. न सांगितलं की ऐकणारा आपलं कारण त्यात ठेवू शकतो. पण प्रत्येक गाणं असं मोकळं सोडलेलं नसतं. माऊंट ईरी या नावाने गाणारे अमेरिकी गायक फिल एल्व्हरम यांनी २०१७ चा 'अ क्रो लुक्ड अॅट मी' हा अल्बम पत्नीच्या मृत्यूनंतर, तिच्याच खोलीत ध्वनिमुद्रित केला. त्यात आजार, खोली, पोस्टाने आलेलं पाकीट सगळं उघड आहे. तिथे 'हे कदाचित ब्रेकअपचं असेल' म्हणायला जागाच नाही, आणि जबरदस्तीने ती काढणं अन्यायाचं होईल.

आणखी एक शक्यता तुम्ही दोघांनीही सोडली असावी : दोन्ही खरं असणं. अमेरिकी गायक सुफियान स्टीव्हन्स यांचा २०१५ चा 'कॅरी अँड लॉवेल' हा अल्बम आईवर आहे. ती २०१२ मध्ये वारली. पण मुलगा अगदी लहान असतानाच ती घर सोडून गेली होती. तिथे सोडून जाणं आणि मरणं या दोन घटना एकाच माणसाच्या आहेत, आणि ओळी दोन्हींमधून ये-जा करतात. तुमच्या गाण्यातही आधी कुणी दूर गेलं आणि मग कायमचं गेलं, असं वाचून पाहा.

तिसरी तपासणी 'तू'ची. हा तू गाण्यात काही करतो का? दार लावतो, उत्तर देतो, हसतो, असं काही? एकही कृती नसेल तर तो तू बोलणाऱ्याचंच जुनं रूप असू शकतं. कपाच्या ध्रुवपदातला तू काहीच करत नाही. 'तुझा' म्हणजे 'पूर्वीच्या माझा' असं वाचलं तर 'हा'पर्यंतचा प्रवास आणखी वेगळा लागतो.

प्रश्न : ते गाणं लागलं की मला माझ्याच आयुष्यातला एक प्रसंग आठवतो आणि मग दुसरा अर्थ सुचतच नाही. हा अर्थ चूक म्हणायचा का?

चूक नव्हे, पण तो गाण्याचा अर्थ नव्हे, गाण्याने जागवलेली आठवण आहे. दोन्ही मोलाच्या, फक्त एकीला दुसरीचं नाव देऊ नये.

इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांची लेखी मतं तपासली. १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये त्यांनी वाचनात येणाऱ्या दहा अडचणी मोजल्या. त्यातली एक नेमकी हीच : कवितेशी संबंध नसलेल्या खासगी आठवणी मध्ये येणं. दुसरी, ठरीव प्रतिसाद : 'आई' शब्द दिसला की गहिवरायचं, मग ओळ काहीही म्हणत असो. रिचर्ड्स आठवणीला अडथळा मानतात. कवितेच्या परीक्षेत ते ठीक. गाणं मात्र आपण एकदा वाचून ठेवून देत नाही. ते प्रवासात, रात्री, भांडी घासताना शेकडो वेळा वाजतं, आणि आठवणी त्याला चिकटणारच. त्या काढून टाकायला सांगणं निर्दय आहे.

म्हणून वही आडवी धरा आणि मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला फक्त तेच लिहा जे गाण्यातल्या शब्दाकडे किंवा आवाजाकडे बोट दाखवून सिद्ध करता येईल. उजव्या बाजूला तुम्हाला आठवतं ते सगळं. 'कप कुणाचा तरी आहे' डावीकडे. 'आजीचा निळा कप' उजवीकडे. रंगाचा उल्लेख गाण्यात नाही, तो तुम्ही आणला. महिन्याभराने पान पुन्हा पाहा. उजवीकडची एखादी गोष्ट डावीकडच्या एखाद्या शब्दावर नवा उजेड टाकत असेल, तर तिला बाणाने जोडा. आजी गेल्यावर तिच्या वस्तू कुणी हलवल्या नाहीत हे आठवल्यामुळे 'अजून' या शब्दाचं वजन कळलं, असं होऊ शकतं. पण रेघ पुसू नका. मित्राशी वाद होतात ते बहुतेक उजव्या बाजूचं डावीकडे लिहिल्यामुळे.

प्रश्न : गीतकाराने मुलाखतीत सांगितलं की गाणं त्याच्या हरवलेल्या कुत्र्याबद्दल आहे. मग माझा इतक्या वर्षांचा अर्थ रद्द?

रद्द होत नाही. विम्सॅट आणि बीअर्ड्स्ली या अमेरिकी अभ्यासकांनी १९४६ मध्येच मांडलं की कवीचा हेतू हा कवितेच्या मूल्यमापनाचा मापदंड होऊ शकत नाही. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये 'लेखकाचा मृत्यू' या निबंधात अर्थाचं ठिकाण लेखकाकडून वाचकाकडे आणलं. पण यातून 'कुणीही काहीही म्हणावं' असं निघत नाही. गीतकाराचं विधान पुरावा म्हणून घ्या, निकाल म्हणून नाही.

पुरावा कसा तोलायचा? विधान केव्हाचं आहे ते पाहा. गाणं नवं असतानाचं बोलणं आणि दहा वर्षांनी शंभराव्यांदा तोच प्रश्न आल्यावरचं बोलणं यांचं वजन सारखं नसतं. प्रश्न कसा विचारला होता तेही पाहा. 'हे तुमच्या घटस्फोटावर आहे ना?' याला 'नाही, कुत्र्यावर आहे' हे उत्तर दार लावण्यासाठीही दिलेलं असतं. आणि गीतकार गाणं कशातून सुचलं ते सांगतो की ते काय म्हणतं ते, हे वेगळं करा. कुत्र्यामुळे सुचलेलं गाणं माणसाच्या जाण्याबद्दल पूर्ण सामर्थ्याने बोलू शकतं. त्याने सांगितलेलं ओळींवर ठेवून पाहा; एखादी न उलगडलेली ओळ त्याने उलगडली तर आनंदाने घ्या.

प्रश्न : गायकाच्या अकाली मृत्यूनंतर त्याची सगळीच गाणी निरोपासारखी ऐकू येतात. असं ऐकणं योग्य आहे का?

असं ऐकू येणं थांबवता येत नाही, पण अर्थ लावताना तारखा मांडा. इंग्रज गायक निक ड्रेक यांचा 'पिंक मून' हा अल्बम ऑक्टोबर १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि १९७२ मध्ये आला. गिटार, आवाज आणि एका ठिकाणी पियानो, इतकाच ऐवज. ड्रेक नोव्हेंबर १९७४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी गेले. म्हणजे मध्ये तीन वर्षं आहेत, आणि १९७४ मध्ये त्यांनी आणखी काही गाणी ध्वनिमुद्रितही केली. अल्बमकडे शेवटचं पत्र म्हणून पाहिलं की ही तीन वर्षं आपण पुसतो, आणि त्यातल्या विनोदाच्या, कुतूहलाच्या, निव्वळ सुंदर जागाही पुसतो. प्रत्येक गाण्यासाठी ध्वनिमुद्रणाचं वर्ष लिहा आणि त्या दिवशी गायकाला पुढचं माहीत नव्हतं, हे धरून एकदा ऐका.

प्रश्न : शब्द इतके खिन्न आणि चाल मात्र नाचावंसं वाटेल अशी. चालीला गंभीरपणे घ्यायचं की शब्दांना?

दोघांमधल्या अंतराला घ्यायचं. बोलणारा जगाला जो चेहरा दाखवतो तो पुष्कळदा चालीत असतो आणि जे दडवतो ते शब्दांत. म्हणून हे अंतर गाण्यात कुठे वाढतं आणि कुठे मिटतं ते शोधायचं.

वाद्य येत नसलं तरी काही गोष्टी तपासता येतात. १५ सेकंदांतले ठोके मोजून चारने गुणा; मिनिटाला ६० ते ८० ठोके म्हणजे संथ, १२० च्या पुढे म्हणजे चालण्यापेक्षा भरभर. मग षड्ज शोधा : ज्या सुरावर गाणं घरी आल्यासारखं वाटतं तो गुणगुणून धरा. त्या सुरावरचा मुख्य कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सा-ग-प असेल तर मेजर, गंधार कोमल असेल तर मायनर. मेजरमधल्या खिन्न गाण्यांत एक खास जागा सारखी भेटते. मध्यमावरचा कॉर्ड म-ध-सा असा मेजर येतो आणि लगेच त्यातला शुद्ध धैवत कोमल होतो. एकच सूर अर्ध्या पायरीने खाली उतरतो, पण ऊन जाऊन सावली आल्यासारखं वाटतं. तो बदल कुठल्या शब्दावर पडतो ते लिहून ठेवा. कपाच्या ध्रुवपदात तो 'उगवत'वर पडला तर निराशा फळाबद्दलची आहे, 'रोज'वर पडला तर दुःख त्या सवयीचं आहे. शब्द तेच, पण गाण्याने बोट वेगळ्या जागी ठेवलं.

शेवटचा कॉर्डही पाहा. गाणं संपलं तिथे थांबा आणि गुणगुणा. गळा आपोआप आणखी एक सूर पुढे जायला बघत असेल, तर गाणं घरी पोहोचलेलं नाही. संगीतकाराने ते मुद्दाम दारात सोडलं आहे.

आवाजाच्या ठेवणीबद्दल एक सावधगिरी. अमेरिकी गायक एलियट स्मिथ आपली ओळ दोनदा गाऊन दोन्ही आवाज एकमेकांवर ठेवत. असं ऐकलं की 'माणूस स्वतःशीच बोलतोय' असा अर्थ लगेच सुचतो. सबंध गाण्यात तसंच असेल तर ती गायकाची शैली, तिच्यावर अर्थाचा डोलारा उभारू नका. पण दुहेरी आवाज मध्येच एका ओळीवर एकेरी झाला, तर ती ओळ लाल शाईने लिहा.

प्रश्न : एकाच गाण्याचे शब्द तीन ठिकाणी तीन प्रकारे दिलेले आढळले. खरे कुठले?

कलाकाराने स्वतः छापलेले आधी धरा : रेकॉर्ड किंवा सीडीसोबतची पुस्तिका. बाकीचे पुष्कळदा ऐकणाऱ्यांनीच उतरवून दिलेले असतात आणि एकाची चूक दुसरीकडे जशीच्या तशी उचलली जाते. दोन ठिकाणी सारखं आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही. पुस्तिकेतही फरक सापडतो, कारण ती कधी आधीच्या मसुद्यावरून छापतात. मग गायलेलं प्रमाण.

उदास इंडीत चुकीचं ऐकू येण्याची कारणं ठरलेली आहेत. गायकाचा आवाज वाद्यांच्या मिश्रणात खाली ठेवलेला असतो. घुमारा जास्त असला की स, त, फ यांसारख्या व्यंजनांच्या कडा पुसतात, आणि शब्द ओळखण्याचा मोठा आधार त्याच कडा असतात. उंच सुरात स्वर एकमेकांसारखे ऐकू येतात. चालीसाठी आघात सरकवला की दोन शब्दांची सीमाही सरकते. उपाय : हेडफोन लावा, वेग पाऊणपट करा, दोन-दोन सेकंदांचे तुकडे ऐका आणि मंचावरच्या सादरीकरणाची ध्वनिफीत मिळाली तर तीच ओळ तिथे ऐका.

अशा चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत 'मॉन्डेग्रीन' म्हणतात. १९५४ मध्ये सिल्व्हिया राइट यांनी हे नाव दिलं. लहानपणी एका पोवाड्यासारख्या गीतातले 'लेड हिम ऑन द ग्रीन' ('त्याला हिरवळीवर निजवलं') हे शब्द त्यांना 'लेडी मॉन्डेग्रीन' असे ऐकू आले होते.

प्रश्न : काही ओळींना काहीच अर्थ लागत नाही. प्रत्येक ओळीला अर्थ असतोच का?

नसतो. काही गीतकार आधी आवाज रचतात, मग शब्द. बॉन इव्हर या नावाने आलेल्या पहिल्या अल्बमच्या वेळी, २००६-०७ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या केबिनमध्ये गायक जस्टिन व्हर्नन यांनी आधी निरर्थक अक्षरांत सुरावट गाऊन ठेवली आणि त्या आवाजांना जुळणारे शब्द नंतर शोधले. अशा गाण्यात वाक्यरचनेमागे धावून दमायला होतं. तिथे स्वरांचं कोष्टक करा : कुठे 'आ', 'ओ' असे उघडे स्वर लांबवले आहेत, कुठे 'इ' मिटला आहे. मधूनच एखादी ओळ स्वच्छ, सरळ वाक्यात येते. अर्थाचा भार बहुतेक त्या ओळीवर असतो. आजूबाजूचं धुकं तिच्यासाठीच असतं.

प्रश्न : रात्री अशी गाणी ऐकत अर्थ शोधत बसलो की खिन्नता वाढतेच. थांबवावं का?

ऐकून झाल्यावर तुम्हाला गाण्याबद्दल एखादं नवं वाक्य सांगता येतं का, ते पाहा. येत असेल तर तुम्ही गाणं ऐकत आहात. तेच ते 'माझंच असं का' फिरत राहत असेल, तर गाणं मागे पडलं आहे आणि त्या रात्रीपुरतं ते बंद करणंच बरं. एका बैठकीत एक गाणं दोनदाच लावा, दिवा लावून टेबलाशी बसा, अंथरुणात हेडफोन नको. आपोआप पुढचं गाणं लावणारी सोय बंद करा. झोप, भूक, काम यांवर दोन आठवडे किंवा अधिक परिणाम होत असेल तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आवडतं इंग्रजी गाणं मराठीत आणताना पहिल्याच ओळीत अडकते. 'यू'ला तू म्हणू की तुम्ही? आणि बोलणारा पुरुष की बाई?

तुम्ही अडकलात ती जागा फार महत्त्वाची आहे, कारण भाषांतर करताना अर्थ लावणं टाळताच येत नाही. इंग्रजीतल्या 'यू'ला लिंग नाही, वचन नाही, आदर-सलगी नाही. मराठीत यातलं काहीतरी ठरवावंच लागतं. 'तू' म्हटलं की प्रियकर, मूल, मैत्रीण, देव, आई. 'तुम्ही' म्हटलं की वडील, समूह किंवा मुद्दाम राखलेलं अंतर. सबंध गाण्याचा वाच्यार्थ लिहून झाल्याशिवाय पहिली ओळ भाषांतरू नका. उदास गाण्यांत शेवटच्या कडव्यात नातं उघड होतं आणि मग सगळं परत लिहावं लागतं.

'वी' त्याहून कठीण. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन शब्द आहेत, आणि गाण्याचं मर्म तिथे ठरू शकतं. 'आपण सावरू' म्हटलं तर ऐकणारा तू अजून सोबत आहे. 'आम्ही सावरू' म्हटलं तर तो त्या वर्तुळाबाहेर गेला. ते मागे राहिलेल्यांचं वाक्य झालं. इंग्रजी गाणं हे झाकून ठेवू शकतं, मराठी नाही. ठरवताना मूळ गाण्यातला 'तू' पुढे काही करतो का, हे वर सांगितल्याप्रमाणे तपासा.

बोलणाऱ्याचं लिंग मात्र झाकता येतं, फक्त क्रियापदं निवडून घ्यावी लागतात. 'मी थांबलो' किंवा 'थांबले' इथे ते उघडं पडतं. 'मी दार उघडलं' इथे नाही, कारण क्रियापद दाराप्रमाणे चालतं. 'मला झोप येत नाही', 'मला आठवतं', 'मी येईन', 'मी जात नाही' या सगळ्या रचना दोघांनाही चालतात. समोरच्याचंही तसंच : 'तू गेलास' आणि 'गेलीस'मध्ये लिंग आहे, 'तू दिवा मालवलास'मध्ये नाही. आपल्या ध्रुवपदातलं 'घालतो' पुरुषाचं आहे. ते नको असेल तर 'मी त्यात पाणी घालणं सोडलेलं नाही' असं करता येईल. लय जड होते आणि 'रोज' हातचा जातो, पण चिकाटी जास्त बोलते. असा प्रत्येक सौदा समासात लिहून ठेवा : काय दिलं, काय मिळालं.

'आय मिस यू'बद्दल तीन-चार पत्रांत विचारणा आहे. 'तुझी आठवण येते' हे सरळ भाषांतर, पण त्यात कर्ता बदलतो. इंग्रजीत मी काहीतरी करतो, मराठीत आठवण आपल्या पायांनी येते. उदास गाण्यात हा बदल बहुधा बरा वाटतो, कारण दुःखात माणसाच्या हाती काही उरत नाही, ते मराठीत व्याकरणातच उतरतं. 'तुझ्याशिवाय करमत नाही' घरगुती आणि खरं आहे. रोजच्या साध्या दुःखाला तेच घ्या. पण 'मिस'मध्ये गाडी चुकणं, नेम चुकणं हाही अर्थ आहे आणि गाणं दोन्हींशी खेळत असेल, तर मराठीत 'चुकल्यासारखं वाटतं' तयार आहे. 'घरात चुकल्या-चुकल्यासारखं होतं' म्हटलं की माणसाची उणीवही आली आणि काहीतरी हातून चुकलं ही बोचही. 'लेफ्ट' हा तसाच शब्द : सोडून गेलेलं आणि उरलेलं, दोन्ही. 'मागे' शब्दाभोवती रचना करून पाहा. 'मागे टाकलं' आणि 'मागे राहिलं' यांत एकाच घटनेच्या दोन बाजू येतात.

शेवटी, भाषांतर वाचण्यासाठी आहे की गाण्यासाठी, ते पहिल्या दिवशी ठरवा. गायचं असेल तर मूळ ओळीची अक्षरं मोजा, लांबवलेल्या सुरावर 'आ', 'ए', 'ओ' असा उघडा स्वर येईल असा शब्द बसवा आणि जोडाक्षर तिथे टाळा. वाचण्यासाठी असेल तर अक्षरसंख्या सोडा, पण परत येणारी ओळ दर वेळी हुबेहूब तीच ठेवा. कंटाळा येईल म्हणून भाषांतरकार तिला दर वेळी वेगळं नटवतात, आणि मग तिसऱ्या फेरीत 'तुझा'चा 'हा' झाला तरी तो कुणाला दिसत नाही.